रात्री पावणेतीनला कोण ठरवणार? विद्यापीठाचा आपत्कालीन आराखडा असा करा

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरातल्या वीज पॅनेलमधून धूर निघाला तेव्हा रात्रीचे २.४० झाले होते. वरच्या अभ्यासिकेत परीक्षेचे दिवस म्हणून साठेक मुलं बसलेली. वॉचमन काकांना धूर सगळ्यांत आधी दिसला. भोंग्याचं बटण त्यांच्यापासून चार पावलांवर होतं. त्यांनी ते दाबलं नाही. पर्यवेक्षकांना फोन लावला. पर्यवेक्षकांनी नियंत्रण कक्षात मला, मी सुरक्षा अधिकाऱ्यांना, त्यांनी कुलसचिवांना. कुलसचिवांचा फोन लागेना. भोंगा वाजला ३.०३ला. मुलं सुखरूप बाहेर आली. पण त्या २३ मिनिटांत मीही वरून होकार येण्याची वाट बघत बसले होते, हे मी विसरलेले नाही.

सकाळी काकांना विचारलं, बटण का नाही दाबलंत? म्हणाले, "ताई, दोन वर्षांपूर्वी दाबलं होतं. काही निघालं नाही. मेमो मिळाला."

पुढे आराखड्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि एका पानापासून सुरुवात केली. तुम्हीही तिथूनच करा. त्या पानावर कुलगुरूंच्या सहीनिशी तीन गोष्टी हव्यात: ड्यूटीवर जो असेल त्याला भोंगा वाजवण्याचा, इमारत रिकामी करण्याचा आणि अग्निशमन दलाला बोलावण्याचा अधिकार आहे, त्यासाठी कुणालाही आधी विचारायचं नाही, आणि प्रामाणिकपणे वाजवलेला भोंगा चुकीचा ठरला तरी कारवाई होणार नाही. हे पान प्रत्येक चौकीत, प्रत्येक वसतिगृहाच्या दारात लावा. सही मिळवायला मला चार महिने लागले. "उद्या कुणीही उठून भोंगा वाजवेल" हा आक्षेप तुम्हालाही ऐकावा लागेल. उत्तर तयार ठेवा: फुकट वाजलेल्या भोंग्याने अर्ध्या तासाची झोप जाते. न वाजलेल्या भोंग्याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही.

ही माझ्या मनची कल्पना नाही. १९७०मध्ये कॅलिफोर्नियात वणव्यांनी थैमान घातलं, कितीतरी दलं एकत्र आली आणि हुकूम कुणाचा चालणार याचाच घोळ झाला. त्यातून घटनास्थळाच्या नेतृत्वाची जी पद्धत उभी राहिली, ती आज अनेक देशांत वापरतात. तिचा गाभा असा, की जागेवर पहिला पोहोचेल तोच प्रमुख, आणि अधिक अनुभवी माणूस येऊन रीतसर सूत्रं हाती घेईपर्यंत तोच प्रमुख. पदाचा संबंध नाही.

उशीर किती महाग पडतो हे व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी दिसलं. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९.२६ला, आणि दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू झाला ९.४०च्या आसपास. त्या दिवशी ३२ जणांचा जीव गेला. पुढे चौकशी समितीने इशारा द्यायला झालेल्या उशिरावर स्पष्ट बोट ठेवलं.

आता संदेश. भोंगा फक्त "काहीतरी झालंय" एवढंच सांगतो. आग असेल तर बाहेर पडायचं. भूकंपात धक्के थांबेपर्यंत आतच, टेबलाखाली, डोकं झाकून. बाहेर विषारी वायू पसरला असेल तर आत थांबून खिडक्या बंद, एसी बंद. हल्लेखोर असेल तर शक्य असल्यास निसटायचं, नाहीतर दार आतून लावून दिवे मालवायचे. एकाच आवाजावर चार वेगळ्या कृती कुणी ओळखणार नाही, म्हणून भोंग्यापाठोपाठ माणसाचा आवाज किंवा लिखित संदेश गेलाच पाहिजे.

तो ऐनवेळी लिहायला बसू नका. हात कापत असताना वाक्य सुचत नाही. प्रत्येक प्रसंगाचा मसुदा आधीच करून ठेवा, फक्त जागा भरायची शिल्लक ठेवा. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० अक्षरं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं. आमचा आगीचा मसुदा असा: "ग्रंथालयाच्या तळघरात आग. इमारत सोडा. लिफ्ट नको. मैदानात जमा व्हा." काय, कुठे, काय करायचं, काय टाळायचं. "कृपया घाबरून जाऊ नये, प्रशासन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे" असली वाक्यं मी निर्दयपणे काढली. त्यांनी कुणाचे पाय हलत नाहीत. गर्दीच्या वेळी मोबाइलचं जाळं तुंबतं, तेव्हा एका माध्यमावर विसंबू नका. ध्वनिक्षेपक, एसएमएस, वर्गांतले संगणक, आणि काहीच नाही चाललं तर हातातला भोंपू.

यानंतरचं काम टेबलावर बसून होत नाही. रात्री टॉर्च घेऊन सगळा परिसर पायी फिरा, सोबत वायरमन आणि प्लंबर हवेतच. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, विजेचा मेन स्विच कुठे, पाणी कुठून तोडायचं, किल्ली कुणाकडे. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढून नकाशाला जोडा. आमच्या रसायनशास्त्र विभागाचा गॅस व्हॉल्व्ह एका जुन्या कपाटामागे सापडला. कपाट हलवायला तिघे लागले. तळघरात जरा जास्त वेळ थांबा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१२च्या सँडी वादळात जनरेटर वरच्या मजल्यांवर असूनही वीज गेली, कारण त्यांना इंधन पोहोचवणारी यंत्रणा तळघरात होती आणि तळघरात पाणी शिरलं. तीनशेहून अधिक रुग्णांना हलवावं लागलं. जनरेटर कुठे आहे एवढं विचारून थांबू नका. त्याचा पंप, त्याची टाकी, त्याचं पॅनेल कुठे आहे तेही विचारा.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते जिना न उतरू शकणाऱ्यांकडे. आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हटलं की व्हीलचेअरवरच्या मुलीने चौथ्या मजल्यावरून काय करायचं? मी आमच्याकडच्या अशा एका विद्यार्थिनीलाच विचारलं. तिने शांतपणे सांगितलं, "मॅडम, आजवर प्रत्येक ड्रिलला मला खालीच थांबवतात, म्हणजे वेळ वाया जात नाही." मी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवू शकले नाही. जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची घ्या, ती वापरायला दर मजल्यावरच्या चार-पाच जणांना शिकवा, आणि खुर्ची येईपर्यंत थांबायची जागा ठरवा: जिन्याजवळची, आगरोधक दाराची, जिथून फोन लागतो अशी. यादी करताना त्या व्यक्तीची संमती घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी भोंग्यासोबत लुकलुकणारे दिवे हवेत. पाय मोडून सहा आठवडे कुबड्यांवर असलेलेही याच यादीत येतात.

जमण्याच्या जागा दोन ठेवा, इमारतीच्या दोन बाजूंना, कारण वारा कुठून वाहील ते आधी कळत नाही. बंबाच्या वाटेवर एकही नको. हजेरीपट घेऊन डोकी मोजण्याच्या भानगडीत पडू नका; कोण आलंच नव्हतं, कोण कँटीनमध्ये होतं, काही कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक गटाला विचारा: शेवटचं आत कुणाला पाहिलं, कुठे? हे उत्तर अग्निशमनच्या जवानांना खरंच उपयोगी पडतं. आणि बाहेर पडताना दार ओढून घ्यायची सवय मुलांना लावा. बंद दार धुराला आणि आगीला चांगलंच अडवतं.

ड्रिल. सकाळी अकराला, आधी सूचना देऊन, सगळे तयार असताना घेतलेलं ड्रिल फोटोपुरतं असतं. पहिलं तसंच घ्या, हरकत नाही. दुसऱ्यात एक जिना दोरी लावून बंद करा. तिसरं रात्री घ्या. मधल्या काळात टेबलाभोवती बसून तोंडी सराव करा, आणि त्यात मी एक अट कायम घालते: कुलगुरू, कुलसचिव आणि सुरक्षा अधिकारी यांतल्या दोघांचा फोन लागत नाही असं धरायचं, आणि ते दोघे त्या तासभर खरोखर गप्प बसतील. पहिल्या वेळी खोलीत जी शांतता पसरली, तिच्यातूनच आराखड्याची निम्मी भोकं सापडली.

नंतरच्या दिवसांसाठी निदान एवढं ठरवून ठेवा: पालकांचे फोन कोण घेणार, वसतिगृह बंद झालं तर मुलं कुठे झोपणार, गुणपत्रिकांची आणि पगाराची माहिती परिसराबाहेर कुठे जपलेली आहे. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सचं टुलेन विद्यापीठ २००५चं अख्खं पहिलं सत्र बंद होतं. मुलं देशभरच्या दुसऱ्या विद्यापीठांत शिकली आणि जानेवारी २००६मध्ये वर्ग पुन्हा भरले. समुपदेशकांची वेळ वॉचमन आणि सफाई कामगारांसाठीही राखा. ते सगळ्यांत आधी पोहोचतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच काकांनी पहाटे ४.१०ला भोंगा वाजवला. प्रयोगशाळेत कुणीतरी हीटर चालू ठेवून गेलं होतं, नुसता वास होता, आग नव्हती. दोनशे मुलं थंडीत कुडकुडत मैदानात उभी राहिली. सकाळी मी काकांच्या नावाने पत्र काढलं, कुलगुरूंच्या सहीचं. मेमोच्याच कागदावर, पण आभाराचं.