घरून काम करताय? मग संध्याकाळी सातला काम बंद करायला शिका

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, काम पुण्यातल्या कंपनीचं. वर्षभर लॅपटॉप जेवायच्या टेबलावरच असायचा, एका हातात भाकरी न दुसऱ्या हाताने मेल, आणि पोरगी शाळेतलं काय सांगतीये ते डोक्यात शिरायचंच नाही. एकदा ती बोलता बोलता थांबली, ताट उचललं आणि आजीजवळ जाऊन बसली. फार लागलं मनाला.

सगळ्यात आधी फोन. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्बला शेड्यूल लागतं, संध्याकाळी ७ ते सकाळी ९ लावा आणि घरच्यांचे आणि साहेबांचा नंबर स्टार करून त्यांना परवानगी द्या, म्हणजे आईचा फोन किंवा खरंच अडल्यावर आलेला साहेबांचा कॉल अडकत नाही. ऑफिसचा ग्रुप म्यूट. स्वतःचा धंदा असेल तर दुसऱ्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात वेळेबाहेर आपोआप उत्तर जायची सोय आहे.

मग साहेबांशी बोला, भांडू नका. "सर, सातनंतर मेसेज बघत नाही, खरंच अडलं तर कॉल करा," एवढंच. आणि सांगितल्यावर रात्री दहाला एकदाही रिप्लाय देऊ नका, दिला की संपलं सगळं! फ्रान्समध्ये तर २०१७ पासून याचा कायदाच आहे, त्यामुळे आपण काही जगावेगळं मागत नाही.

घरच्यांनाही सांगावं लागतं हां, दार लोटलेलं असलं की दळण आणायला हाक मारायची नाही.

सात वाजले की मी लॅपटॉप कपाटात ठेवते, चार्जरसकट, आणि पोरीला घेऊन अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला चालायला जाते. फोन घरीच.