दाढी झाल्यावर चेहऱ्याला काय लावायचं, आणि काय अजिबात नाही

सदाशिव पेठेतल्या माझ्या सलूनमध्ये दाढी झाली की बरीच गिऱ्हाइकं सांगतात, “दादा, ते झोंबणारं लावा.” झोंबलं की काम झालं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय. मी कपाटातली बाटली काढत नाही. आधी विचारतो, “काल संध्याकाळी चेहरा कसा होता? आग होत होती, ओढल्यासारखं वाटत होतं, की पुटकुळ्या आल्या होत्या?” दाढीनंतर काय लावायचं ते या उत्तरावर ठरतं. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांना एकच बाटली चालत नाही.

झोंबण्याचं कारण साधं आहे. पातं फिरतं तेव्हा केसांबरोबर कातडीचा अगदी वरचा थरही खरवडून निघतो. त्यावर अल्कोहोल पडलं की ते चरचरतं, भराभर उडून जातं म्हणून क्षणभर गार वाटतं, आणि जाताना कातडी आणखी कोरडी करून जातं. आमचे वडील धोपटी, म्हणजे वस्तरा-कात्रीची पिशवी, घेऊन पेठांतल्या वाड्यांमध्ये घरोघर जायचे. एकच वस्तरा दगडावर लावून सगळ्यांना वापरायचा, अशा काळात तुरटी आणि जंतू मारणारं काहीतरी लागायचंच. आता प्रत्येकाला नवं ब्लेड लागतं, त्यामुळे ती गरज उरली नाही, वासाची आवड तेवढी उरली. ज्येष्ठ गिऱ्हाइकांना तो वास मनापासून हवा असतो. त्यांना मी तो शर्टाच्या कॉलरला लावून देतो. मन राखलं जातं आणि गालही वाचतात.

दाढी संपल्यावर पहिलं काम गार पाण्याचं. फेसाचा अंशही राहू देऊ नका, विशेषतः कानापाशी आणि हनुवटीखाली. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि साबण त्याच्या उलट, म्हणून राहिलेला साबण तासाभरानं खाजवायला लावतो. पुण्याच्या कडेला वाघोली, उंड्रीकडे जिथं बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथल्या लोकांना हा त्रास जास्त. त्या पाण्यात साबणाचा चिकट थर चेहऱ्यावरच बसतो. त्यांनी शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा. मग टॉवेल घासायचा नाही, नुसता टेकवून पाणी टिपायचं. आग होत असेल तर गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, फडक्यात गुंडाळूनच.

आता तुरटी. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात चांगला पारदर्शक खडा स्वस्तात मिळतो आणि वर्षानुवर्षं पुरतो. तुरटी रक्त गोठवते, कातडी आकसून घेते. म्हणून तिची जागा जिथं कापलंय तिथंच. ओला खडा त्या ठिपक्यावर क्षणभर टेकवायचा, नंतर पाण्यानं पुसून घ्यायचं. पूर्ण चेहऱ्यावर रोज घासली तर तेलकट कातडी एक वेळ सोसेल, कोरडी कातडी तडतडणार. आणखी एक गोष्ट आग्रहानं सांगतो: खडा ज्याचा त्यानंच वापरायचा. कुठल्याही सलूनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाला लावलेला खडा तुमच्या गालाला लागत असेल तर थांबवा. रक्त लागलेली वस्तू ती. नवं ब्लेड डोळ्यांसमोर लावायला सांगता, तसं तुरटीची पूड कापसावर घेऊन लावायला सांगा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

यानंतर खरं औषध, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं काहीतरी. चेहरा पूर्ण वाळायच्या आत, अजून दमट असतानाच लावायचं. आफ्टरशेव्ह घ्यायचंच असेल तर पातळ लोशनपेक्षा क्रीमसारखा आफ्टरशेव्ह बाम घ्या, आणि बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घटक ज्याचं प्रमाण जास्त त्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत ‘अल्कोहोल डिनॅट’ (हेच ते झोंबणारं अल्कोहोल) असेल तर ती बाटली परत ठेवा. मात्र सीटाइल अल्कोहोल, सीटोस्टीअरिल अल्कोहोल ही नावं बघून घाबरू नका, ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत आणि कातडी मऊ करतात. ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, अॅलन्टॉइन, सेरामाइड दिसलं तर चांगलं. सुगंध नसलेलं मिळालं तर फारच उत्तम. ‘पुरुषांसाठी’ असं काळ्या डब्यावर छापलं म्हणून जास्त पैसे देण्याची गरज नाही. घरात बायकोचं किंवा बाळाचं बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर असेल, तर तेही तेवढंच काम करतं.

आपल्या पुण्यात वर्षभर एकच क्रीम चालत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी आणि पुन्हा मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात दाट क्रीम लागतं. फार कोरडं पडत असेल तर हनुवटीवर वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. पावसाळ्यात तेच क्रीम चिकचिक करतं, तेव्हा जेलसारखं हलकं घ्या. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी खोबरेल तेल आणि दाट क्रीम टाळावं, नायसिनामाइड असलेलं हलकं जेल बघावं. बाल्कनीतली कोरफड चालते, पण पान कापून थोडा वेळ उभं ठेवा आणि पिवळा चीक निथळू द्या, तो चीकच अंगावर उठतो. कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे लावून एक दिवस बघा.

लिंबू मात्र कधीच नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात की काळे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. जंतुनाशक द्रव थेट बाटलीतून लावणं, टूथपेस्ट थापणं, हेही नको.

श्रावण संपला की माझ्याकडे रांग लागते. महिनाभर वाढलेली दाढी गणपतीच्या तोंडावर उतरवायची असते. त्या केसांखालच्या कातडीला ऊन-वारा लागलेला नसतो, म्हणून ती लवकर लाल होते. मी आधी मशीननं केस बारीक करतो, मग एकच हात, केसांच्या दिशेनं. ढोल-ताशा पथकातल्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: विसर्जनाच्या दिवशी सकाळी दाढी करू नका. आदल्या दिवशी करा, रात्री मॉइश्चरायझर लावून झोपा, सकाळी पुन्हा लावा, वरून एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. ताज्या दाढीवर घाम आणि गुलाल बसला की मानेवर आग पेटते. हेल्मेटचा पट्टाही नेमका तिथंच घासतो, तो दर आठवड्याला धुवा.

मानेवरच्या पुटकुळ्यांची गोष्ट निराळी. कुरळे, राठ केस टोकदार कापले गेले की वळून पुन्हा कातडीत शिरतात. शरीर त्याला काटा घुसल्यासारखं वागवतं, म्हणून फोड येतो. यावर नुसतं क्रीम पुरत नाही. उलटा हात मारणं बंद करा, कातडी ताणून गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडा, काही आठवडे ट्रिमरनं एक मिलिमीटर राखून ठेवा. दाढीच्या दिवशी सोडून इतर रात्री सॅलिसिलिक अॅसिड 2 टक्क्यांपर्यंतचं लावलं तर अडकलेले केस मोकळे व्हायला मदत होते. चिमट्यानं उकरू नका, डाग राहतो.

ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते आता सांगतो. खाज आली की पोरं मेडिकलमधून स्वस्तातली ट्यूब आणतात आणि रोज दाढीनंतर लावतात. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ, उजळ दिसतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. रोज वापरलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमं फुटतात, आणि बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. बुरशी असेल तर ती दबून आतल्या आत पसरते. 2018 साली सरकारनं अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती अजून सहज हातात पडतात. बरेच दिवस लावत असाल तर आपल्या मनानं काही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पिवळा पू, कडा उठलेला गोल चट्टा, खपल्या धरणारे फोड, किंवा मधुमेह असताना न भरणारी कापलेली जागा, यांसाठीही डॉक्टरच. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथं कमी खर्चात तपासतात. जाताना दाढी करून जाऊ नका, दोन-तीन दिवस वाढू द्या म्हणजे त्यांना खरी स्थिती दिसेल. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्या.