एक्स्चेंजवरचं बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये आणताना

एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे ते तुमचं किती देणं लागतात याची नोंद. नाणी खर्च करू देणाऱ्या किल्ल्या (गुप्त आकडे) त्यांच्याकडेच असतात. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या इथेरियमवरच्या (बिटकॉइनहून वेगळ्या साखळीवरच्या) वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्यानंतर पैसे काढणंच बंद झालं आणि ज्यांच्याकडे फक्त बिटकॉइन होतं तेही अडकले.

म्हणून सगळंच उचलून घरी आणायचं असं नाही. रोज खरेदी-विक्री करत असाल तर तेवढी रक्कम तिथेच राहू द्या. नाणं बाहेर काढायची विथड्रॉवल फी रकमेच्या दोन-तीन टक्क्यांवर जात असेल तर आणखी साठू द्या. काही अ‍ॅप्स नाणं बाहेर पाठवूच देत नाहीत, ते खरेदीआधीच बघून घ्या.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या स्वतःकडे ठेवणारं छोटं यंत्र, थेट कंपनीकडून घ्या. यंत्र हरवलं तरी किल्ल्या परत मिळतात त्या काही शब्दांच्या संचावरून. खोक्यात असे शब्द आधीच लिहिलेले किंवा पिन सापडला तर ते वापरू नका, तो सापळा असतो. शब्द यंत्राने तुमच्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर दाखवायला हवेत. ते १२ किंवा २४ असतात आणि २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. बॉलपेनने, सुट्ट्या कॅपिटल अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. जेलची शाई ओलीने पसरते. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात, तेवढी स्वच्छ असली तरी भागतं. फोटो काढू नका. तो तुमच्या नकळत क्लाउडवर चढतो.

आता बहुतेक जण टाळतात ती पायरी. पैसे टाकण्याआधी पैसे मिळवण्याचा पहिला पत्ता टिपून ठेवा आणि यंत्रातला सगळा डेटा पुसून टाका. लेजर कंपनीच्या यंत्राला तीनदा चुकीचा पिन दिला की ते आपोआप पुसलं जातं. मग फक्त कागदावरून शब्द भरा. तोच पत्ता परत आला तर कागद बरोबर.

यात दोन प्रकारे घोळ होतो. यंत्राने शब्द अवैध ठरवले तर लिहिण्यात किंवा क्रमात चूक आहे. शेवटच्या शब्दात तपासणीचे बिट दडलेले असतात, पण १२ शब्दांत ते चारच, त्यामुळे सोळातली एखादी चूक निसटू शकते. शब्द स्वीकारले गेले पण पत्ता वेगळा आला, किंवा पुढे कधी शिल्लक शून्य दिसली, तर आधी पत्त्याचा प्रकार बदलून बघा: १ ने, ३ ने आणि 'बीसी१' ने सुरू होणारे पत्ते एकाच शब्दसंचातून वेगवेगळ्या वाटांनी निघतात. जादा पासफ्रेज (शब्दांना जोडलेला स्वतःचा गुप्त मजकूर) ठेवली असेल तर तीही तपासा. पासफ्रेजला 'चुकीची' असा संदेशच नसतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं आमचं मत.

पाठवताना नेटवर्क 'बिटकॉइन' हेच निवडा. स्वस्त दिसतं म्हणून दुसरं घेतलं तर हाती येतं ते दुसऱ्या साखळीवरचं टोकन. पत्ता कॉपी केल्यावर एक्स्चेंजच्या पानावरचा पत्ता यंत्राच्या पडद्याशी पूर्ण ताडून पाहा, कारण क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे व्हायरस असतात. आधी एक्स्चेंजच्या किमान मर्यादेएवढी रक्कम पाठवा. ती आली की उरलेली.

उरलेली मात्र एकदमच. दर वेळी आलेली रक्कम वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून राहते. सेगविट ('बीसी१' प्रकारच्या) पत्त्यावर आलेला प्रत्येक तुकडा पुढे खर्च करताना व्यवहारात साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट जागा घेतो, आणि फी त्या जागेवर ठरते. असे २० तुकडे म्हणजे १३६० बाइट. फी दर बाइटला २० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग) असेल तर नुसत्या तुकड्यांचेच २७,२०० सातोशी गेले. दर आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांनी चार-सहा महिन्यांनी एकदा काढावं.

स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे. तरी खरेदीची पावती, तारीख आणि ट्रान्झॅक्शन आयडी जपा. पुढे विकल्यावर ३० टक्के करासाठी खरेदीची किंमत दाखवावी लागते आणि बंद पडलेल्या एक्स्चेंजकडून जुना हिशेब मिळत नाही.

शब्दांची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. पिन त्या कागदावर नको. शब्द हाती असले की पिन लागतच नाही.