टँकमध्ये अचानक पिल्लं दिसली? आधी या चुका टाळा

गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल या अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या माशांपैकी एक जरी मादी टँकमध्ये असेल, तर पिल्लं आज ना उद्या दिसणारच. ‘आम्ही तर एकच मासा आणला होता, तोही मादी’ असं म्हणून काही होत नाही. दुकानाच्या टाकीत नर-मादी एकत्रच पोहत असतात आणि या जातींची मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवू शकते. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून पिशवीत एकटी आलेली मादीही घरी पिल्लं देते, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा देते.

पिल्लं दिसली की घरात एकच घाई होते. कोणी जाळी आणतं, कोणी बरणी, कोणी अंडं उकडायला ठेवतं. मोठे मासे पिल्लं खातात हे खरंच आहे; टँकमध्ये एंजल, टायगर बार्ब किंवा गोल्डफिश असेल तर रात्रीतून निम्मी गायब होतात. पण जी पिल्लं आपण ‘वाचवून’ बाजूला काढतो, त्यातली बरीचशी पहिल्या दोन-तीन दिवसांत जातात, आणि ती मोठ्या माशांमुळे नाही. ती आपल्या काळजीने जातात.

बरणीतली पिल्लं

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. पिल्लं जाळीने धरायची, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नळाचं ताजं पाणी घ्यायचं, त्यात ती सोडायची आणि बरणी टीव्हीशेजारी ठेवायची. लिटरभर पाण्यात वीस-पंचवीस पिल्लं आणि वर दिवसातून तीनदा खाणं. दुसऱ्या संध्याकाळी पाणी दुधट दिसतं, तिसऱ्या सकाळी अर्धी तळाला.

माशांच्या शरीरातून आणि सडलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. मोठ्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. बरणीत हे जिवाणू नसतातच, आणि ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. मे महिन्यातल्या मुंबईत, एकतिशी ओलांडलेल्या पाण्यात, बरणी म्हणजे सापळाच. त्या पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो.

वेगळं काढायचंच असेल तर दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, जो साबणाला कधी लागलेला नाही असा. त्यात मुख्य टँकचंच पाणी भरा. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा आणि मुख्य फिल्टरचा स्पंज या टबमध्ये एकदा पिळून काढा. पाणी तासभर गढूळ दिसेल, ते दिसू द्या. त्या गढूळपणातच तुम्हाला हवे ते जिवाणू आहेत. स्पंज फिल्टरचा दुसरा फायदा असा की पिल्लं त्यात ओढली जात नाहीत, उलट त्याच्यावर जमलेला थर दिवसभर टिपत बसतात.

बेडरूममध्ये रात्री एसी लागत असेल तर टब तिथे ठेवू नका. मोठ्या टँकचं पाणी हळूहळू गार होतं, छोट्या टबचं फार लवकर. मुंबईत हीटरची गरज जवळजवळ पडत नाही, पण रोज रात्री चार-पाच अंशांची घसरगुंडी पिल्लांना सोसत नाही.

मुख्य टँकमध्येच टांगायची जाळीची पेटी मिळते, ती मला टबपेक्षाही बरी वाटते, कारण पाणी आणि तापमान आपोआप तेच राहतं. कडक प्लास्टिकचा ब्रीडिंग बॉक्स मात्र त्याच्या चार बारीक फटींमुळे आत पाणी कोंडून ठेवतो. तो वापरायचाच असेल तर फिल्टरच्या प्रवाहाजवळ लावा आणि तळाची घाण रोज काढा.

आणि हेही सांगून टाकतो: दोन फुटी टँकमध्ये भरपूर जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट अशा दाट पाणवनस्पती असतील आणि सोबतीला फक्त गप्पी-प्लॅटीच असतील, तर काहीही करू नका. पाचदहा पिल्लं आपसूक जगतात, आणि तेवढीच तुम्हाला परवडतात.

टँक साफ करणारा माणूस

मुंबईत कित्येक घरांत महिन्यातून एकदा टँक साफ करायला माणूस येतो. त्याची पद्धत ठरलेली. मोठे मासे बादलीत, सगळं पाणी बाथरूमच्या मोरीत, रेती आणि दगड नळाखाली खसखसून धुतलेले, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळलेला. अर्ध्या तासात टँक आरशासारखा होतो. यात पिल्लं मोरीत जातात हे एक, आणि जी उरतात ती जिवाणूच नसलेल्या नव्या पाण्यात पडतात हे दुसरं. ‘साफसफाईनंतर मासे मरतात’ ही तक्रार बहुतेक ठिकाणी याच पद्धतीतून येते.

पिल्लं आहेत तोवर त्याला सांगा: पाव भागापेक्षा जास्त पाणी बदलायचं नाही, रेती बाहेर काढायची नाही, स्पंज फक्त टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलवायचा. त्याला ते पटणार नाही. पाणी पिवळट राहिलं तर मॅडम ओरडतात, असं तो म्हणेल आणि त्याचं चुकीचंही नसेल. तेव्हा त्या दिवशी घरात कोणीतरी समोर उभं राहिलेलं बरं, नाहीतर महिनाभर त्याला सुट्टी द्या.

पाणी स्वतः काढणार असाल तर एअर पंपाची पातळ नळी वापरा, जाड पाइप नको. नळीच्या तोंडावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबरबँडने बसवा आणि पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. चुकून एखादं पिल्लू आलंच तर पांढऱ्या तळावर ते लगेच दिसतं. काळ्या किंवा निळ्या बादलीत शोधत बसाल.

फिल्टर उघडताना त्याच्या आतही बघा. टॉप फिल्टर किंवा हँग-ऑन फिल्टरच्या कप्प्यात ओढली गेलेली पिल्लं अनेकदा जिवंत असतात, चांगली गुटगुटीत झालेली. आणि मोटारीच्या जाळीवर स्पंजचा तुकडा आजच चढवा. पिल्लं कमी का होतात याचं उत्तर पुष्कळदा त्या जाळीतच सापडतं.

नळाचं पाणी

आपलं पाणी भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या तलावांतून येतं आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरीन पडतो. माणसाला तो चालतो, पिल्लाच्या कल्ल्यांना नाही. बादलीभर पाणी एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून चोवीस तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोर टाका. घाई असेल तर अँटिक्लोरच. पाण्याला उग्र वास येत असेल तर दोन्ही करा.

सोसायटीच्या नोटीस बोर्डवर टाकी सफाईची तारीख लागली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टँकचं पाणी बदलू नका. टाकी ब्लीचिंग पावडरने धुतलेली असते आणि पहिल्या पाण्यात ती उतरते.

तलावांचं हे पाणी सौम्य असतं, त्यात क्षार कमी. गप्पी जमवून घेतात, मॉलीला ते मानवत नाही. मॉलीची पिल्लं जागच्या जागी थरथरत, पंख मिटून डुलताना दिसली तर औषधाच्या मागे लागण्याआधी फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या किंवा कोरलच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवा. त्यातून क्षार हळूहळू पाण्यात उतरतात. पिल्लं निरोगी असताना ‘खबरदारी म्हणून’ निळं औषध ओतणं तर अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी ते प्रत्येक दुखण्यावर दिलं जातं, पण मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं.

खाऊ घालण्याचा उत्साह

गप्पीचं पिल्लू जन्मतः सात-आठ मिलिमीटरचं असतं आणि लगेच पोहतं, लगेच खातं. रोजचे फ्लेक्स दोन बोटांत चुरडून त्याची पूड केली की झालं. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी चिमटीच्या टोकावर राहील एवढीच पूड, जी दोन मिनिटांत संपते. पोट गोल आणि किंचित केशरी दिसलं की खाणं पोचलं असं समजा.

उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना सल्ला आहे आणि पिल्लं तो खातातही. पण जितका खाल्ला जातो त्याच्या कितीतरी पट जास्त पाण्यात पसरतो आणि सडतो. गप्पी-मॉलीच्या पिल्लांना त्याची गरज नाही. त्यापेक्षा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव, उबवून द्या. एका बाटलीत लिटरभर पाणी, त्यात पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी आणि तळापर्यंत सोडलेली एअर पंपाची नळी. आपल्याकडच्या उकाड्यात चोवीस ते छत्तीस तासांत केशरी ठिपके हलायला लागतात. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया खाली राहतात. खालचं पाणी नळीने बारीक कापडावर काढा, साध्या पाण्याने एकदा धुवा आणि मगच द्या. टरफलं पिल्लांना घालू नका, ती पचत नाहीत.

अंडी घालणाऱ्या माशांचं गणित वेगळं. फिल्टरच्या पाइपवर किंवा रुंद पानावर ओळीने चिकटलेली अंडी एंजलची असतात, काचेवर विखुरलेली टपोरी अंडी बहुधा कोरीडोरसची, आणि जेलीच्या थेंबात गुंडाळलेली असतील तर ती गोगलगायीची आहेत, आनंद आवरा. पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात किंवा त्यांना बुरशी लागलेली असते. ती काढून टाका. गुरामीसारख्या जातींची पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना पहिले काही दिवस इन्फुसोरियाच, म्हणजे पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव, लागतात. त्यासाठी कोबीचं पान टाकून पाणी बाल्कनीत ठेवणार असाल तर वर मलमलचं फडकं ताणून बांधा. नाहीतर इन्फुसोरियाआधी डासांच्या अळ्या होतील, आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी त्याच शोधत फिरतात.

मादीचा छळ

पोट चौकोनी दिसायला लागलं, शेपटीजवळचा डाग काळा झाला की मादीला आठवडाभर आधीच ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडतात. बॉक्समध्ये ती काचेला धडका देत राहते, आणि ताणामुळे कधीकधी पिल्लं वेळेआधी टाकते. पोटाला पिवळी पिशवी चिकटलेली, पोहता न येणारी, तळावर उड्या मारणारी पिल्लं दिसली तर असंच झालेलं असण्याची शक्यता मोठी. त्यांना खाऊ घालू नका, अंधारात आणि शांततेत ठेवा. पिशवी जिरली की काही सावरतात.

काहीतरी बिघडलंय असं वाटतं तेव्हा

सगळी पिल्लं एकदम पृष्ठभागावर तोंड लावून असतील तर आधी हवा वाढवा, मग पाव भाग पाणी बदला आणि त्या दिवशी खाणं बंद. अमोनियाची चाचणी करायचं किट घरी असेल तर त्यात शून्याच्या वर काहीही दिसणं वाईटच.

एकदोनच पिल्लं खंगत चालली असतील, पोट आत गेलेलं असेल, तर बहुधा मोठी पिल्लं त्यांना खाऊ देत नाहीत. त्यांना वेगळं काढा. पाठ वाकडी असलेलं पिल्लू कितीही गोड वाटलं तरी त्याची पैदास करू नका. अशी वाकडी पिल्लं प्रत्येक खेपेला वाढत गेली, तर एकाच कुटुंबात पैदास चालू आहे हे समजा आणि दुसऱ्या दुकानातून नवा नर आणा.

महिन्याभराने

चार ते सहा आठवड्यांत नर ओळखू येतात. पोटाखालचा पंख काडीसारखा लांब होतो आणि शेपटीत रंग उतरतो. त्याच वेळी नर-मादी वेगळे केले नाहीत तर भावंडांमध्येच पुढची पिढी सुरू होते. दोन फुटी टँकमध्ये जेमतेम पन्नास लिटर पाणी असतं. एका मॉलीच्या एका खेपेने तो भरतो. म्हणून किती ठेवायची हे पहिल्या आठवड्यातच ठरवा, पिल्लांना नावं ठेवून झाल्यावर नाही.

जास्तीची पिल्लं पवई तलावात, नॅशनल पार्कच्या ओढ्यात किंवा सोसायटीमागच्या नाल्यात सोडू नका. डासांच्या बंदोबस्तासाठी पालिका विहिरी-टाक्यांत गप्पी सोडते हे खरं, पण ते त्यांच्या कीटकनाशक खात्याने जागा बघून करायचं काम आहे. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेकडची, आणि मोकळ्या पाण्यात ती स्थानिक माशांची अंडी-पिल्लं फस्त करते.

जवळच्या दुकानदाराला फोन करून विचारा. दीड-दोन सेंटीमीटरची, रंग आलेली पिल्लं बरेच जण घेतात, पैसे देणार नाहीत, पण खाण्याचा डबा हातावर ठेवतील. नेण्याच्या आदल्या दिवशी खाऊ घालू नका, म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा ठेवा, आणि लोकलने जाणार असाल तर सकाळी गर्दी सुरू व्हायच्या आधीची गाडी पकडा.