जुनी मारुती ८०० स्टार्ट होईना? आधी पेट्रोल कुठे अडलंय ते बघा

कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या) जुन्या ८००चा सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, तर लगेच कार्ब्युरेटर उघडायला देऊ नका. तो बिचारा बहुतेकदा निर्दोष असतो.

इंजिन थंड असताना एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाती उघडी धरा आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर पेट्रोल पोचतंय. मग प्लग आणि करंट तपासा. पेट्रोलचा भपकारा येत असेल आणि प्लग ओले असतील, तर ओव्हरफ्लो झालाय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा.

पिचकारी नाहीच? कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत घाला, कॉइलला (प्लगसाठी ठिणगी तयार करणाऱ्या भागाला) बॅटरीचा करंट देणारी वायर काढून ठेवा (ठिणगी नको, आणि बिडी-सिगारेट तर लांबच) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात यायला हवं. नुसतं ठिबकत असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. फुस्स आवाज येऊन धार सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर पेट्रोल फिल्टर बदला आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाआधीच्या रबरी नळ्या वाकवून बघा. तडा गेला असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढतो.

एवढं करूनही कोरडंच असेल, तर संशय पंपाच्या डायफ्रामवर, म्हणजे आतल्या लवचिक पडद्यावर. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल आणि पातळी वाढली असेल, तर इंजिन अजिबात फिरवू नका; पंपासोबत ऑइलही बदलावं लागेल.

आणि हो, पेट्रोलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. सुरुवातीलाच टाकीत पाच लिटर ओता.