डिस्पोजलचा मिलिटरी ट्रक: पाना उचलायच्या आधीपासून पासिंगपर्यंतची तयारी

मिलिटरीचा जुना ट्रक लिलावात घेतलाय, किंवा घ्यायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितोय. क्रमांक टाकून यादी करत नाहीये, ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने सांगत जातो, कारण खरी गोम क्रमातच आहे. ट्रक दारात आला की पहिला मोह होतो तो बॅटरी लावून इंजिन चालू करून बघायचा. मीही तेच केलं होतं. इंजिन लागलं, सगळे खूश, आणि पुढचे कित्येक महिने ट्रक जागचा हलला नाही, कारण कागदावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर ह्यात एका आकड्याचा फरक होता, ३ च्या जागी ८. इंजिन कितीही गोड वाजलं तरी नंबर जुळत नाही म्हटल्यावर पासिंग होत नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग ब्रेक आणि चाकं, मग वायरिंग, आणि इंजिन त्याच्यानंतर.

तर कागद. सैन्याकडून गाडी सिव्हिल माणसाच्या नावावर गेली हे सांगणारा एक मूळ दाखला असतो, त्याचं नाव देशागणिक वेगळं. अमेरिकेत एसएफ ९७, भारतात फॉर्म २१ चा विक्री दाखला, जो लिलावातल्या लष्करी गाडीसाठी डीलरच्या ऐवजी संरक्षण खात्याचा अधिकारी देतो. नाव काहीही असो, हा कागद हातात आल्याशिवाय पुढचा खर्च करू नका, आणि गाडी तिसऱ्या माणसाकडून घेत असाल तर मूळ दाखल्यापासून तुमच्यापर्यंतची प्रत्येक विक्री पावती सलग हवी, मधली एक गायब असली तरी नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवरचा माणूस तिथेच बोट ठेवतो. अजून एक बघा, दाखल्यावर "फक्त रस्त्याबाहेर वापरासाठी" किंवा "भंगार म्हणून" असं काही लिहिलंय का. तसं असेल तर ट्रक कितीही चांगला असला तरी रस्त्याची नोंदणी जवळपास विसरा, तो सुट्या भागांसाठी घ्या नाहीतर सोडून द्या.

मग नंबर. एक तारेचा ब्रश, थोडं थिनर, एक खडू आणि मोबाईल घेऊन गाडीपाशी जा. सैन्यात गाडीला थरावर थर रंग बसलेला असतो, चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला नंबर त्याच्याखाली पार बुजून जातो, तो घासून उघडा करा, त्यावर खडू आडवा फिरवा, बोटाने पुसा, खाचेत पांढरं राहतं आणि आकडा स्वच्छ वाचता येतो. फोटो काढा. डॅशबोर्डवरच्या किंवा दारातल्या डेटा प्लेटचा फोटो काढा, इंजिनवरच्या नंबरचा काढा, आणि तिन्ही फोटो कागदाशेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने मोजत जुळवा, शून्य आणि ओ, एक आणि आय हे खास बघा. इंजिन नंबर बहुतेक वेळा जुळत नाही, कारण सैन्यात इंजिनं वर्कशॉपमध्ये सर्रास बदलली जातात, त्यात लपवण्यासारखं काही नाही पण कागदावर आत्ता बसवलेल्या इंजिनचा नंबर असायला हवा. चूक सापडली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी विकणाऱ्याकडे टाका, सहा महिन्यांनी त्यांच्याकडची फाईल सापडेलच ह्याची खात्री नाही.

डेटा प्लेटवर वर्ष पण बघा. डेपोत रीबिल्ड झालेल्या गाडीवर दुसरी पट्टी असते आणि तिच्यावर रीबिल्डचं वर्ष असतं, बरेच जण तेच उत्पादनाचं वर्ष म्हणून फॉर्ममध्ये भरतात. वर्षावरून टॅक्स, प्रदूषणाचे नियम, विंटेज किंवा ऐतिहासिक गाडीची सवलत सगळं ठरतं, त्यामुळे मूळ वर्ष कुठलं हे आत्ताच पक्कं करा. आणि नोंदणी कार्यालयात जाऊन आधी लेखी विचारा की ह्या मॉडेलची, ह्या वर्षाची गाडी तुम्ही कुठल्या वर्गात घ्याल. तोंडी "होऊन जाईल" ह्याच्यावर जाऊ नका, माणूस बदलला की उत्तर बदलतं.

वजन हा वेगळा मुद्दा. रिकामा ट्रक वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या, कारण रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन ह्यावर तुमचं लायसन्स चालणार का ते ठरतं. अमेरिकेत २६,००१ पौंडांपासून कमर्शियल लायसन्सची रेषा सुरू होते, युरोपात ३.५ टन आणि ७.५ टन ह्या रेषा आहेत. मागे सैनिक बसायचे बाकडे असतील तर ते माणसं बसायची आसनं म्हणून मोजली जाऊ शकतात आणि गाडी प्रवासी वर्गात ढकलली जाते, तुम्हाला ते नको असेल तर बाकडे आधीच काढा आणि आसनसंख्या केबिनपुरतीच लिहा. रंगाचंही विचारून घ्या. भारतात संरक्षण खात्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही, तेव्हा हौस असली तरी दुसरा रंग लावायचाच, आणि युनिटची चिन्हं, जुना लष्करी नंबर हे सगळं पुसायचं.

आता ब्रेक, इथे मी जरा थांबणार आहे कारण पाच-सहा टनांची वस्तू थांबवायची गोष्ट आहे. अमेरिकेच्या एम ३५ ए २ ह्या, सहाही चाकांना इंजिनची ओढ असणाऱ्या आणि अडीच टन माल वाहायच्या ट्रकचं उदाहरण घेतो, तो जगभर पसरलाय. त्याचा ब्रेक हवेच्या मदतीने चालणारा हायड्रॉलिक आहे आणि सर्किट एकच आहे, म्हणजे सहापैकी कुठल्याही चाकाचा सिलिंडर किंवा एक होज फुटला की पेडल थेट जमिनीला. म्हणून ह्या गाडीचे सगळे रबरी होज न बघता बदलायचे. बाहेरून छान दिसतो, आतून सुजलेला असतो, आणि सुजलेला होज वाल्वसारखं काम करतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही. मी एक जुना होज उभा कापून बघितला होता, आत सुईएवढं भोक उरलं होतं, बाहेर एक भेगही नव्हती.

ब्रेक ऑइल टाकायच्या आधी आत काय आहे ते बघा. अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकात डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं ऑइल घेतलं, नवं असताना जांभळं असतं. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ त्यात मिसळत नाही, दोन्ही एकत्र टाकलं की ब्रेकचा भरवसा गेला. आणि डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉन नाही, डॉट ४ च्या जातीतलं आहे, दुकानात घाईत हीच गफलत होते. सिलिकॉन पाणी शोषत नाही म्हणून सिस्टिममध्ये शिरलेलं पाणी सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकाच्या सिलिंडरमध्ये, साचून गंज धरतं, तेव्हा वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर उघडून बघायचेच. ड्रम उघडलात की धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. ड्रमच्या आत गिअर ऑइलचा ओशटपणा दिसला तर हबचं सील गेलंय, नुसते लायनर बदलून उपयोग नाही. हवेच्या टाक्यांचे खालचे बूच उघडून पाणी काढा, मग टाकी भरा, इंजिन बंद करा आणि गेजकडे बघत बसा, काटा भराभर उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने जोड न् जोड तपासा.

चाकांच्या बाबतीत एकच गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या मिलिटरी ट्रकला बरेचदा लॉक रिंगवाली, तुकड्यांची रिम असते. नट सैल करायच्या आधी वाल्वची पिन काढून टायरमधली हवा पूर्ण सोडा, आणि परत हवा भरताना लोखंडी पिंजरा वापरा. ती रिंग सुटली तर माणूस जागच्या जागी जातो. हे काम रोज करणाऱ्या टायरवाल्याकडेच द्या, आणि त्याच्याकडे पिंजरा नसेल तर दुसऱ्याकडे जा. नट सुटत नाही म्हणून जोर लावायच्या आधी बोल्टवर एल अक्षर आहे का बघा, एम ३५ सारख्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, पाईप लावून चुकीच्या दिशेला फिरवलं की बोल्ट तुटतो. टायरची नक्षी शाबूत दिसते पण ती फसवी असते, बाजूवरचे चार आकडे वाचा, ३५०९ म्हणजे २००९ चा ३५ वा आठवडा. जुन्या आडव्या-उभ्या नक्षीचे मिलिटरी टायर ओल्या डांबरावर पकड देत नाहीत, हे चालवताना लक्षात ठेवा.

वायरिंग २४ व्होल्टची, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओसाठी किंवा मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढू नका, एक उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन दोन्ही मरतात, त्यापेक्षा २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा. तपासणीच्या दिवशी लोक अडकतात ते लाईटवर. अमेरिकन गाड्यांच्या तीन खटक्यांच्या स्विचमध्ये बंदच्या जागी ठेवलं तर ब्रेक लाईटसुद्धा लागत नाही, ब्लॅकआउटसाठी, म्हणजे रात्री शत्रूला गाडी दिसू नये म्हणून, तशी योजना केलेली आहे, दिवसा चालवताना खटका स्टॉप लाईटच्या खुणेवर असायला हवा. इन्स्पेक्टरने पेडल दाबायला लावलं आणि मागे काहीच पेटलं नाही असं होऊ नये म्हणून हे स्वतः नीट शिकून घ्या. इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा, रिफ्लेक्टर, रिव्हर्स लाईट ह्यातलं काय तुमच्याकडे लागतं ते आधी विचारून मगच भोकं पाडा.

आणि आता इंजिन. डिझेलची टाकी रिकामी करून आतून बघा, जुन्या डिझेलचा काळा चिखल असतोच, दोन-तीन फिल्टर जास्तीचे आणून ठेवा. डिपस्टिकवर दुधाळ रंग दिसतोय का, रेडिएटरमध्ये तेलाचे थेंब तरंगतात का बघा. इंजिन बंद करायची केबल ओढून पंपावरचा दांडा खरंच हलतो का हे चालू करायच्या आधी तपासा, आणि इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या तोंडावर बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवून एक माणूस तिथे उभा करा, डिझेल इंजिन पळत सुटलं, म्हणजे आपोआप वेग वाढत जाऊन बंदच होईना, तर हवा तोडणं हा एकच उपाय उरतो. मल्टिफ्युएल, म्हणजे वेगवेगळ्या इंधनांवर चालणारं इंजिन आहे म्हणून त्यात वापरलेलं तेल ओतायचा उद्योग करू नका, चांगलं डिझेल घाला. मर्सिडीजचा युनिमॉग ट्रक असेल तर चाकाच्या प्रत्येक हबमध्ये वेगळं तेल असतं, चारही बूच उघडून बघा, मधलं डिफरन्शियल बघून काम झालं असं समजू नका.

स्पेअरचं सांगतो. नाटोच्या सैन्यांतल्या प्रत्येक भागाला १३ आकडी स्टॉक नंबर असतो, नावाने विचारलं तर भलतंच येतं, नंबराने विचारलं तर बरोबर येतं. त्यासाठी सैन्याचं मॅन्युअल मिळवा, एम ३५ ए २ साठी टीएम ९-२३२०-३६१ ही मालिका आहे, तिच्यात ड्रायव्हरचा भाग वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. जबलपूरला बनलेला शक्तिमान असेल तर तो जर्मन मॅन कंपनीच्या परवान्याखाली बनलेला आहे, जुने मिस्त्री शोधा, त्यांच्या हाताला ती गाडी पाठ आहे.

तपासणीला जायच्या आधी विमा घ्या, तो चेसिस नंबरवर मिळतो. तात्पुरता नंबर किंवा परवानगी नसेल तर ट्रक चालवत नेऊ नका, लोबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ठेंगण्या ट्रेलरवर न्या. केबिनमध्ये एका फाईलमध्ये मूळ दाखला, सगळ्या पावत्या, वजनकाट्याची पावती, नंबरांचे फोटो मोठे छापून, विमा, आणि मॅन्युअलमधलं ब्रेकच्या रचनेचं पान ठेवा, कारण अशी गाडी समोरच्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली असू शकते आणि त्याला दाखवायला चित्र असलं की प्रश्न लवकर सुटतो. खडू पण बरोबर न्या, नंबर तिथे परत दाखवावा लागतो. जॅक, उटी, विझवणारा सिलिंडर गाडीतच असू द्या.

पासिंग झालं, नंबर लागला की पहिल्या फेरीला लांब जाऊ नका. पन्नासेक किलोमीटर चालवा, थांबा, चाकांचे सगळे नट परत टॉर्क लावून आवळा आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. पाच हब कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये, घरी सावकाश या आणि ते चाक परत उघडा.