आधी डेटा हातात घ्या, मग अर्ज भरा: जीआयएसमधल्या संशोधनाला निघालेल्यांसाठी तयारीची यादी

गेल्या वर्षी जीआयएसमधला (म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्यातला) माझा पीएचडीचा अर्ज मुलाखतीत एका प्रश्नावर अडला. माझा विषय होता जालना जिल्ह्यातली शेततळी, उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखलेली. समोरच्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही ज्या यादीवर पडताळणी करणार आहात, ती यादी तुमच्याकडे आहे का?" मी म्हणाले, "मिळणार आहे." त्यानंतर त्यांनी दोन किरकोळ प्रश्न विचारले, आभार मानले आणि आठवड्याभरात नकार आला. एका संस्थेने तळ्यांचं सर्वेक्षण केलं होतं आणि तिथल्या माणसाने मला फोनवर "देऊ की, त्यात काय" असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी नऊ पानांचा प्रस्ताव उभा केला होता. यादी आजतागायत आलेली नाही. यंदा पुन्हा अर्ज करतेय आणि माझ्यामागून येणाऱ्यांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

जूनमध्ये सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये नको, तेव्हा सगळेच सुरू करतात.

पहिलं काम प्रश्न ठरवणं. "अमुक तालुक्याचा जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास" हे शीर्षक डोक्यातून काढून टाका. त्यात साधन आहे, प्रश्न नाही. भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी १९९२ साली भौगोलिक माहिती विज्ञान ही कल्पना मांडली ती नेमकी याचसाठी. सॉफ्टवेअर चालवणं वेगळं आणि नकाशातल्या माहितीत चूक कुठून शिरते, नकाशाचं प्रमाण बदललं की उत्तर का बदलतं, जमिनीवरची वस्तू पिक्सेलमध्ये (चित्राच्या एका चौकोनी ठिपक्यात) बसवताना काय हरवतं, हे शोधणं वेगळं. ज्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी ही कल्पना मांडली, त्याच्या नावातली 'सिस्टिम्स' जाऊन १९९७ मध्ये 'सायन्स' आलं. तुमचा प्रश्न या दुसऱ्या बाजूचा हवा.

माझंच उदाहरण देते. शेततळं साधारण ३० बाय ३० मीटरचं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा पिक्सेल १० मीटरचा. पिक्सेलची जाळी तळ्याच्या कडांवर तंतोतंत बसली तर निखळ पाण्याचे नऊ पिक्सेल मिळतात, थोडी सरकली तर चारच, तळं तिरकं असेल तर कधी त्याहूनही कमी. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये तर बहुतेक वेळा एकही नाही. पाणी ओळखायचा एक निर्देशांक (प्रकाशाच्या दोन पट्ट्यांवरून काढलेला आकडा) हिरवा आणि जवळचा अवरक्त पट्टा वापरतो, ते दोन्ही १० मीटरचे. त्याची सुधारित आवृत्ती लघुतरंग अवरक्त पट्टा वापरते, तो २० मीटरचा. म्हणजे मोठ्या धरणावर जी पद्धत सरस ठरते, ती शेततळ्यावर उलटी पडू शकते. आणि मला खरं जाणून घ्यायचंय ते याच्या पुढचं: तळं पावसाने भरलं की विहिरीचं पाणी उपसून? पाऊस संपून दोन-तीन महिने झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत एखादं तळं अचानक भरलेलं दिसलं, तर ते आकाशातून भरलेलं नाही. मोसंबीच्या बागा जगवायला भूजल वर आणून उन्हात ठेवलं जातंय का, हे गावोगावी मोजता आलं पाहिजे. या प्रश्नासाठी मी आणखी पाच वर्षं द्यायला तयार आहे. पण त्यालाही पडताळणीची यादी लागते आणि ती माझ्याकडे नव्हती.

कुठे अर्ज करायचा ते थोडक्यात. भारतात पवईच्या आयआयटीतलं सीएसआरई आणि डेहराडूनचं आयआयआरएस ही उपग्रह-चित्रांच्या अभ्यासाची केंद्रं, त्यांची नावं तुम्हाला माहीत असतीलच. गेट या प्रवेश परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि नकाशांच्या तंत्राचा) स्वतंत्र पेपर आहे. भूगोलवाल्यांनी तो परका समजून सोडून देऊ नये, अभ्यासक्रम एकदा उघडून पाहावा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, शिवाय मार्गदर्शक निवडताना बोलायला बळ येतं. बाहेर जायचं तर नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचं आयटीसी बघा. १९५० साली डेल्फ्टमध्ये सुरू झालेली ही संस्था आता ट्वेंटे विद्यापीठाचा भाग आहे आणि आपलं आयआयआरएस १९६६ मध्ये उभं राहिलं ते डच सहकार्यानेच. नेदरलँड्समध्ये एक गोष्ट वेगळी आहे. पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते, जागा निघते तेव्हा जाहिरात येते, म्हणून वर्षाची एकच अंतिम तारीख शोधत बसू नका, दर आठवड्याला जाहिराती बघा. अमेरिकेत सांता बार्बरा, बफेलो आणि मेन या तीन विद्यापीठांनी मिळून १९८८ मध्ये भौगोलिक माहितीचं राष्ट्रीय केंद्र उभं केलं, तिथली परंपरा मोठी. अमेरिकेतल्या तारखा साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात. आधी मास्टर्स करायचं असेल तर जर्मनीतलं म्युन्स्टर, पोर्तुगालमधलं लिस्बन आणि स्पेनमधलं कास्तेयॉन इथल्या विद्यापीठांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. पण विद्यापीठाच्या नावाला भुलू नका. माणूस बघा. त्या विभागात तुमच्या प्रश्नावर काम करणारं कुणी नसेल तर तो अर्ज म्हणजे फीचे पैसे पाण्यात.

आता डेटा. एवढा एकच परिच्छेद वाचणार असाल तरी चालेल.

तुमच्या प्रस्तावात जेवढ्या डेटाचा उल्लेख आहे, तेवढा सगळा आज, अर्ज भरायच्या आधी, तुमच्या हार्ड डिस्कवर हवा. वेबसाइटवर आहे, सरांच्या विद्यार्थ्याकडे आहे, साहेब देतो म्हणालेत, या तिन्हींचा अर्थ तुमच्याकडे नाही असाच होतो. उपग्रहाची चित्रं मिळतात, त्याची काळजी नको. लँडसॅट २००८ पासून फुकट आहे, सेंटिनेल पहिल्यापासून. अडतं ते जमिनीवरच्या डेटाशी: विहिरींच्या पातळ्या, गावांच्या हद्दी, पीकपाहणी, तळ्यांची यादी. आणि नुसती फाइल उतरवून थांबू नका, ती उघडून बघा. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, खाली उपग्रहाचं चित्र ठेवा, एकेका बिंदूवर जा. अक्षांश-रेखांश उलटे भरलेले असतील तर जालन्यातली तळी नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात दिसतील. ही चूक निदान लगेच कळते. १९ अंश ५० मिनिटं हे कुणी १९.५० असं टाइप केलेलं असेल तर तळं ३७ किलोमीटर दक्षिणेला सरकतं, तरी मराठवाड्यातच राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये) रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बरोबर नसेल तर मराठी गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. हे सगळं जुलैत कळलं तर दुरुस्त होतं. जानेवारीत मुलाखतीत कळलं तर काहीच करता येत नाही.

परवानगी लेखी घ्या. फोनवरची नको, चहावरची नको. दोन ओळींचा ईमेल पुरतो: अमुक डेटा अमुक व्यक्तीला संशोधनासाठी वापरता येईल, निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील. 'प्रसिद्ध' हा शब्द त्यात असलाच पाहिजे, कारण डेटा द्यायला तयार असणारे लोक लेख छापायच्या वेळी मागे हटतात. सरकारी कार्यालयाकडे असेल तर आधी साधा अर्ज करा, उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवसांची मुदत, त्यानंतर अपील. म्हणजे दोन-तीन महिने धराच, म्हणूनच जून म्हणते. शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर मागू नका. ती खासगी माहिती आहे, तिच्यापायी सगळा अर्ज अडकू शकतो आणि तुम्हाला तिची गरजही नाही. फक्त स्थान आणि वर्ष मागा.

डेटा कुणी देतच नसेल तर स्वतः गोळा करा किंवा प्रश्न बदला. तिसरा मार्ग नाही. मी यंदा भावाच्या मोटारसायकलवर फिरून ६४ तळ्यांची नोंद करून आले. फोनमध्ये जागेवर नोंदी करायचं क्यूफील्ड हे ॲप टाकलं होतं. मोकळ्या जागी फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून एकच बिंदू न घेता चारही कोपरे घेतले. प्रत्येक ठिकाणी मालकाला विचारूनच वावरात पाय ठेवला आणि तळं कधी, कशाने भरतं तेही विचारलं. लोक सांगतात. चार दिवसांत जे कळलं ते दोन वर्षं संगणकापुढे बसून कळलं नव्हतं. एक मात्र गंभीरपणे सांगते: प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या काठावर एकट्याने जाऊ नका. कागद निसरडा असतो, आत पडलं की चढून वर येता येत नाही, माणसं बुडतात. कुंपणाबाहेरून कोपरे घेतले तरी काम भागतं.

प्रोजेक्शनबद्दल (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीबद्दल) थोडक्यात: महाराष्ट्र यूटीएम या पद्धतीच्या दोन झोनमध्ये पसरलाय, जालना ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, आणि जुन्या टोपोशीटवरून काढलेल्या हद्दी एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर) असतात. ते न बदलता वर तळी टाकली तर ती शेजाऱ्याच्या शेतात जातात.

प्राध्यापकांना ईमेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आठ-दहा ओळी पुरेत. त्यांचे दोन लेख खरोखर वाचा, वाचल्याचं एका वाक्यातून कळू द्या, स्तुती नको. आणि त्या ईमेलमध्येच लिहा की पडताळणीचा डेटा माझ्याकडे आहे, इतके बिंदू आहेत, अमुक महिन्यांतले आहेत. या वर्षी मी हे वाक्य लिहिलं आणि पाचपैकी तिघांचं उत्तर आलं. गेल्या वर्षी अकरा जणांना लिहिलं होतं, एकाचं आलं.

शिफारसपत्रं तीन. शिक्षकांना दीड महिना आधी सांगा आणि त्यांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का ते तपासा. आपल्याकडे बरेच शिक्षक खासगी ईमेलच वापरतात आणि काही पोर्टल तो स्वीकारत नाहीत. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) विद्यापीठात लवकर अर्ज करा, खेटे पडतात. नावाचंही बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कुठे आईचंही, पासपोर्टवर वेगळाच क्रम, लग्नानंतर आणखी वेगळं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे भरा आणि जिथे जुळत नाही तिथे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

इंग्रजीची परीक्षा, निकाल दोन वर्षं चालतो, देऊन टाका. कोड: पायथन किंवा आर, एक काहीतरी नीट. कोडच्या दहा अर्धवट नोटबुकांपेक्षा दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्या फटक्यात चालणारं एक बरं. त्यात तुमचाच डेटा वापरलेला असू द्या. म्हणजे तो असायला हवा, पुन्हा तेच.

उद्देशपत्रात लहानपणी नकाशे आवडायचे हे नको. प्रश्न, पद्धत, डेटा, तो कुठून आला, कुणाच्या परवानगीने, एवढं लिहा. त्यावर दोघांकडून लाल रेघा मारून घ्या.

मुलाखतीआधी एक नकाशा उघडून ठेवा. डेटा आहे का असं विचारलं की तोंडाने सांगू नका, पडदा शेअर करा.

पुढचं पटापट. फी माफी मागता येते, विचारा. जर्मनीला शिकायला जायचं तर एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं. शिष्यवृत्त्यांच्या तारखा प्रवेशाच्या तारखांच्या आधीही असतात, सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती वेगळ्या बघा. व्हिसा, बँकेची कागदपत्रं, लसीकरण, तिकीट. अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून सरकारी शिक्का) लागतं का ते विद्यापीठाला आधीच विचारा. गरम कपडे तिथे घ्या.

हार्ड डिस्क हातातल्या बॅगेत ठेवा, दुसरी प्रत घरी, परवानगीच्या ईमेलची छापील प्रत पासपोर्टसोबत. माझ्या फोल्डरचं नाव 'तळी_६४' आहे आणि आज सकाळी तो पुन्हा एकदा उघडून बघितला.